आपल्या घरावर स्लॅब होता

आत्या,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आपल्या घरावर पत्रा होता. ते चूक आहे. पत्रा फक्त मागच्या स्वयंपाकघरावर आणि त्याला लागून असलेल्या पडवीवर होता. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब होता, आणि आजही आहे. मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. डोळे मिटून घर आठवलं की मला पत्राच दिसतो, कारण तू आणि मी मागेच असायचो. अक्षरं मी मागे शिकले, जेवले मागे, झोपले मागे. पुढच्या खोलीत अण्णा आणि त्यांच्याकडे येणारी माणसं बसायची. तिथं मी पाण्याचा तांब्या ठेवायला जायचे आणि ठेवून परत यायचे. मान वर करून छत बघण्याइतका वेळ मी तिथं कधी थांबलेच नाही. ही चूक एरवी चालून गेली असती. पण तेच वाक्य मी एका बिल्डरच्या ऑफिसातही बोलून आले, आणि तिथं त्याच्यावर बरंच काही अवलंबून होतं. म्हणून हे दुसरं पत्र.

मी आता तळेगावात भाड्याच्या जागेत राहते. लग्न झालंय. एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, बाटलीवर नावाचं लेबल लावते आणि ते दोनदा वाचते. नवरा उर्से टोलनाक्याजवळच्या एका कारखान्यात आहे. तुला आवडला असता. कमी बोलतो आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतो. आम्ही कान्हे स्टेशनजवळ एक फ्लॅट बघितला आहे. एक बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघराला खिडकी. इमारत अजून पुरी व्हायची आहे. आम्ही गेलो तेव्हा जिन्याला कठडा नव्हता आणि मी भिंतीला धरून चढले. वर गेल्यावर नवरा खिडकीच्या मोकळ्या चौकटीत हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "इथून गाडीचा आवाज येईल बघ." ही तक्रार आहे की कौतुक, ते मला कळलं नाही. नंतर कळलं की कौतुक होतं.

तुझ्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. ज्यांचं स्वतःचं घर नाही अशांनी पहिलं घर घेताना बँकेचं कर्ज काढलं, तर त्याच्या व्याजाचा काही भाग सरकार भरतं. पैसे हातात मिळत नाहीत, पाच वर्षांत हप्त्याहप्त्यानं कर्जाच्या खात्यावर जमा होतात. उत्पन्नाची मर्यादा आहे, तिच्यात आम्ही बसतो. घराच्या किमतीची मर्यादा आहे, तिच्यातही ओढून ताणून बसतो. घर बाईच्या नावावर असावं, निदान तिचं नाव त्यात असावं, असाही आग्रह आहे. हे वाचलं तेव्हा मला तुझी आठवण झाली. घराला बाईचं नाव लावा असं सरकार म्हणतंय, हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "कुटलं सरकार?" बाईच्या नावावर खरेदी केली तर मुद्रांक शुल्कातही थोडी सवलत आहे. ती वेगळी, ती मिळेलच. व्याजाच्या अनुदानाला मात्र एक अट आहे. अर्ज करणारी बाई, तिचा नवरा आणि त्यांची लग्न न झालेली मुलं, यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. तसं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं.

अनुदान मिळालं तर नवरा ओव्हरटाइम बंद करणार आहे. गेली दोन वर्षं तो बहुतेक दिवशी जादा थांबतो. तो घरी येतो तेव्हा मी जेवून घेतलेलं असतं, आणि त्याला बोलायचं त्राण नसतं. तो हे बोलून दाखवत नाही. एकदाच म्हणाला, नव्या घरी गेलो की संध्याकाळी आपण दोघं स्टेशनपर्यंत चालत जाऊ. मी विचारलं, स्टेशनपर्यंत जाऊन काय करायचं? तर म्हणाला, "परत यायचं."

बिल्डरच्या ऑफिसात माझ्याच वयाची एक मुलगी बसते. फार चटपटीत आहे, चहा सांगते आणि तो यायच्या आत निम्मा अर्ज भरून टाकते. तिनं विचारलं, "गावाला घर आहे का, ताई?" मी म्हणाले, आहे, वडील गेल्यावर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलंय. तिचं पेन थांबलं. "पक्कं आहे?" मी म्हणाले, "नाही, पत्र्याचं आहे."

"मग झालं की! उगाच घाबरवलंत." तिनं पुढचं भरायला घेतलं आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "आणि पक्कं असलं तरी काय हो, गावचं घर बघायला कोण जातंय? इथं येणाऱ्या निम्म्या लोकांची असतात. स्वतःहून सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

घरी आल्यावर मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी मोडत होता, तो थांबला. "पत्र्याचं? मग लग्नात मी ज्या गच्चीवर जेवायला बसलो होतो ती कुणाची? तुझे सगळे चुलते जिथं नाचले ती?" मी म्हणाले, ती आपलीच. तो हसायला लागला. मला हसू आलं नाही. त्याच गच्चीवर माझी हळद लागली होती, आणि तरी मी बिल्डरच्या ऑफिसात बसून, कसलीही लबाडी मनात नसताना, पत्रा म्हणाले होते.

त्यानंतर स्लॅब टाकला तो दिवस मला सबंध आठवला. मी दुसरीत असेन. मिक्सरची धडधड सुरू आहे, गडी आणि बायका रांगेत उभे राहून घमेली हातोहात वर देताहेत. अण्णा सकाळपासून अनवाणी फिरताहेत. कुणीतरी त्यांना म्हणतं, "चप्पल तरी घाला, खिळं पडल्यात," तर त्यांना ऐकूच येत नाही. तू मागे चुलीपुढे आहेस. स्लॅबच्या दिवशी कामावरच्या माणसांना गोड घालायचं असतं म्हणून मोठ्या पातेल्यात लापशी शिजते आहे, आणि तू ती फावड्याएवढ्या उलथण्यानं हलवतेस. माणसं जेवून उठली तरी तू पुढे बघायला गेली नाहीस. संध्याकाळी सगळे पांगल्यावर गेलीस आणि ओल्या सिमेंटच्या वासात खालून वर बघत उभी राहिलीस. पुढे कितीतरी दिवस स्लॅबला पाणी मारायचं काम तुझ्याकडे होतं. वर मातीचे छोटे बांध घालून त्यात पाणी तुंबवून ठेवायचं. लोणावळ्याला कामावर जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, तू कळशी घेऊन शिडी चढायचीस आणि मी खाली शिडी धरायचे. "घट धर बाय, मी पडले तर सिलाप कोण भिजवंल?" वाळू दिला तर भेगा पडतात, असं तू सांगायचीस. त्या स्लॅबला आजवर भेग नाही. पक्कं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

तरी, बिल्डरच्या ऑफिसातून आमचा अर्ज ज्या बँकेत गेला होता तिथं जाऊन मी विचारलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कर्जाचं बघणारे साहेब वयस्कर होते. मी म्हणाले, समजा, एखादीचं नाव माहेरच्या घराला वारस म्हणून लागलं असेल, आणि ती तिथं राहत नसेल, तर? ते म्हणाले, "एखादी म्हणजे तुम्हीच ना?" मी हो म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. वाटा लहान आहे की मोठा, तुम्ही तिथं राहता की नाही, हे बघणं त्यांच्या हातात नाही. नाव आहे म्हणजे आहे, आणि आता ते त्यांना माहीत झालंय, त्यामुळे 'घर नाही' असं त्यांना लिहून घेता येणार नाही. "भावाला हक्कसोड करून द्या आणि मग या," असं ते म्हणाले. "बहुतेक बहिणी देतातच. तुम्हाला तर त्यात फायदाच आहे."

मी बाहेर आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. कुणीतरी सरळ मार्ग दाखवला होता. खोटं लिहायला नको, अनुदानही मिळेल. लोणावळ्याच्या बंगल्यातली तू मला आठवलीस. पावसाळ्यात तिथं आठवडे-आठवडे धुकं घरात शिरायचं. मालक मुंबईचे, वर्षातून दोनदा येणारे. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून तू प्रत्येक कपाटात एकेक बल्ब लावून ठेवायचीस, आणि शनिवारी मी बरोबर आले की सगळी दारं उघडून बघायला सांगायचीस. बंद कपाटात दिवा जळतोय, ही गोष्ट मला फार आवडायची. एका वर्षी लाइट गेली ती बरेच दिवस आलीच नाही, आणि दोन भारी ब्लँकेटांवर काळे ठिपके आले. तू ती उन्हात घातलीस, घासलीस, निघाले नाहीत. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी फक्त पाऊस कसा आहे तेवढंच विचारलं होतं. तू आपणहून ब्लँकेटांचं सांगितलंस. पलीकडून बाई इतक्या जोरात बोलल्या की मला ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, त्यांनी विचारलं नव्हतं, तू कशाला सांगितलंस? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी भिंतीला टेकले. "इचारल्यावर सांगायचंच हुतं ना? मंग इचारायची वाट कशापायी बघायची? तवर जेवान ग्वाड लागंल का तुला?" तेव्हापासून मला न सांगितलेल्या गोष्टीबरोबर जेवण जात नाही. तू मला लिहायला शिकवलंस त्याहून हे जास्त पक्कं शिकवलंस, आणि त्याचा मला त्रासही झालाय.

त्या रविवारी मी गावी गेले. दादा गच्चीवर होता. त्याला वर दोन खोल्या काढायच्या आहेत. शनिवार-रविवारी पवना धरणाकडे येणारी माणसं आता आपल्या गावातही राहायला जागा विचारतात, आणि दोन घरं सोडून एकानं तसं सुरूही केलंय. दादाला त्यासाठी कर्ज काढायचं आहे, आणि घर एकट्याच्या नावावर असलं तर ते सोपं जातं. मी बँकेतलं सांगितल्यावर तो टाकीच्या कठड्यावर बसला आणि मांडीवर थाप मारली. "आगं मंग सोड की! तुजं बी काम, माजं बी काम. सरकारनंच जुळवून आणलंय बग."

वहिनी खालून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आमी काय उद्यापास्नं येऊ नका म्हणनार हाय का? दिवाळीला यायचं, चार दिस ऱ्हायचं, लुगडं घ्यायचं."

"लुगडं नेसत नाही ती," दादा म्हणाला. "डरेस घ्यावा लागंल."

आई पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुमी बगा, मला सही कुटं करायची तेवडं सांगा." कुणाच्याही बोलण्यात काही वावगं नव्हतं. दादा लबाड नाही, हे तुलाही माहीत आहे. तू गेलीस तेव्हा तुझं सगळं त्यानंच केलं, आणि कुणाला दिसू न देता मागच्या पडवीत जाऊन रडला. मी हो म्हणाले. निघताना दादा सहज बोलून गेला, "आत्यानं बी सोडलंच की आण्णांसाठी."

ते वाक्य मी तळेगावपर्यंत घेऊन आले. तू सोडलंस ते तू मला एकदाच सांगितलं होतंस, भांडी घासताना. तुझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. अण्णा तुला टेम्पोतून वडगावला घेऊन गेले, तू अंगठा न देता सही केलीस म्हणून तिथल्या माणसानं कौतुक केलं, मग अण्णांनी भजी खायला घातली आणि हिरवं लुगडं घेतलं. हे सगळं तू हसून सांगितलंस. मग काही वर्षांनी सासरी तुला ठेवून घेणारं कुणी उरलं नाही आणि तू पिशवी घेऊन आपल्या अंगणात येऊन उभी राहिलीस. अण्णा समोरच होते. तू त्यांना विचारलंस, "येऊ का?" हे तू नाही, आईनं सांगितलं मला. आई म्हणते, अण्णांना त्या विचारण्याचा राग आला, "ह्ये काय इचारनं झालं," म्हणाले. पण विचारलंस. त्यानंतर तू सगळंच विचारून केलंस. दूध घेऊ का, दिवा मालवू का, पोरीला न्हाऊ घालू का. आईनं कधी नाही म्हटलं नाही. नको विचारत जाऊ, असंही कधी म्हटलं नाही. मला वाटायचं, तुझी बोलायची पद्धतच तशी आहे.

आणि अण्णा गेले तेव्हा, मी सातवीत होते, घराला वारसांची नावं लावायला तू मला हाताला धरून पंचायतीत घेऊन गेलीस. आई अजून घराबाहेर पडत नव्हती. दादा बाहेर त्याच्या मित्रांबरोबर उभा होता. ग्रामसेवकानं आईचं लिहिलं, दादाचं लिहिलं आणि वही मिटायला लागला. तू म्हणालीस, "पोरीचं ऱ्हायलं."

"तिचं कशाला? लगीन झाल्यावर सोडणारच ती. उगाच काढायचा व्याप होतो मागनं."

"तवाचं तवा बगू. आज ती त्येंची लेक हाय का न्हाई?"

"आहे की."

"मंग लिवा." तो हसून म्हणाला, मावशी, तुम्ही कशाला भांडताय, तुमचं काय आहे त्यात? तू म्हणालीस, "माजं काय न्हाई. लावल्यालं नाव काढता येतं. काढल्यालं परत कोन लावत न्हाई. मला इचारा." त्यानं लिहिलं. परत येताना तू माझा हात सोडून भराभर पुढे चालत होतीस. मला वाटलं तू माझ्यावर रागावली आहेस. मी बारावीत असताना तू गेलीस, तोवर आपण त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही.

आता तुला माझी अडचण कळली असेल. तू मला खोटं बोलू नको म्हणून शिकवलंस, आणि तूच माझं नाव लावलंस. एक पाळायचं तर दुसरं पुसावं लागत होतं. मी आठवडाभर हेच घोळवत राहिले. लॅबमध्ये एका आजोबांच्या बाटलीवर लेबल लावायचंच राहिलं, तेव्हा आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज तू घरी जा." नवरा म्हणाला, जे तुला पटेल ते कर, पण करून टाक. शेवटी मी ठरवलं की तू जिवंत नाहीस आणि मला कर्जाचे हप्ते भरायचे आहेत. दादाला फोन केला. गेल्या शुक्रवारी आम्ही वडगावला गेलो.

निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्त लिहिणारे बसतात. आमचा दस्त लिहिणाऱ्या काकांनी सगळं आधीच टाइप करून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि आम्हाला वाचून दाखवायला लागले. चतुःसीमा आल्या, क्षेत्रफळ आलं, स्लॅबच्या दोन खोल्या आल्या. मग आलं, सदर मिळकतीतील माझा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे. ते पुढे वाचत गेले. मी म्हणाले, "काका, थांबा. ते 'स्वखुशीने' काढता येईल का?"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, केस पांडरं झालं लिवून लिवून. ह्यो शब्द काढला तर दस्तात ऱ्हातं काय?"

"पण मी खुशीनं नाही सोडत."

दादा आधी हसला. "आगं ते तसंच लिवत्यात. समद्यांचं तसंच आसतं." मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. "म्हंजे मी बळजबरी करतोय का तुला?"

"तू नाही दादा."

"मंग कोन? सरकार?"

"सरकारला मधी घेऊ नका," काका म्हणाले, "हितं सही तुमा दोगांची हाय. बाहेर जाऊन चहा घ्या, बोला, मंग या. मी हितंच हाय."

मी चहा घेतला नाही. दादानं घेतला आणि तोही अर्धा टाकला. मी त्याला सांगितलं की बँकेत एक खोटं लिहायला नको म्हणून मी इथं आले, आणि इथं दुसरं लिहायला निघाले होते. हे माझं मलाच त्या क्षणी कळलं होतं, त्यामुळे मी धड बोलू शकले नाही. तो म्हणाला, "तुजं डोकं लय बारीक चालतं गं. आत्यानं बिगडवलं तुला." मी हो म्हणाले. मग तो काकांना आज सही होत नाही म्हणून सांगून आला आणि त्यानं गाडी काढली. वडगाव स्टेशनला मला सोडलं तेव्हा त्यानं विचारलं, "वरच्या खोल्या काढताना बँकेत सही तरी देशील का?"

"देईन. जिथं म्हणशील तिथं."

"आन मंग एक खोली माजी म्हनशील."

"म्हणीन," मी म्हणाले. हे मी ठरवून बोलले नव्हते.

"आत्या आशी कवा बोलली न्हाई."

"म्हणूनच," मी म्हणाले. त्यानं गाडीला किक मारली आणि "पोचली की फोन कर," एवढं म्हणून गेला. मी पोचल्यावर फोन केला. त्यानं उचलला, म्हणजे फार रागावलेला नाही.

आता राहिलेलं. दादाला, त्या काकांना आणि मनातल्या मनात बँकेच्या साहेबांनाही मी असंच सांगितलं की मला खोट्या कागदावर सही करायची नाही. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं तुला सांगते. मला दोन्ही घरं हवी आहेत. कान्ह्याचं माझ्या नावाचं हवंय, आणि गावातल्या घरावरचं माझं नावही मला सोडायचं नाही. तिथं मला विचारून आत जायचं नाही. ही हाव असेल तर असू दे. ज्यांना एकही घर नाही त्यांच्यासाठी सरकारनं ते पैसे ठेवले आहेत, आणि मी त्यांच्यातली नाही. मी घर असलेली बाई आहे. हे वाक्य मी लॅबमध्ये एका कोऱ्या लेबलवर लिहून बघितलं, दोनदा वाचलं आणि मग लेबल चुरगळून टाकलं, कारण ते लॅबचं होतं, घरी न्यायचं नव्हतं.

अनुदानाशिवाय हप्ता मोठा बसेल. फ्लॅट हातचा जाणार नाही, पण ओव्हरटाइम चालू राहील, निदान सुरुवातीची काही वर्षं. संध्याकाळचं स्टेशनपर्यंत जाणं पुढे गेलं, आणि ते मी पुढे ढकललं, त्याला न विचारता. शुक्रवारी तो दमून आला तेव्हा त्यानं विचारलं, "झालं का वडगावचं?" आणि मी म्हणाले, "जाऊन आले." तो झोपला. त्याला वाटतंय सही झाली. तू असतीस तर मला तेव्हाच उठवून त्याच्यापुढे उभी केली असतीस. तीन दिवस झाले, मला जेवण गोड लागलेलं नाही. हे पत्र लिहायला बसले तेही त्याला सांगण्याऐवजीच, हेही लिहून ठेवते.

त्याच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. मी लॅबमध्ये रजा सांगितली आहे. सकाळी चहाला बसलो की त्याला सगळं सांगेन, त्याला काय म्हणायचं असेल ते ऐकून घेईन, आणि मग बँकेत जाऊन अनुदानाचा अर्ज मागे घेईन. तो बरोबर आला तर दोघं, नाहीतर मी एकटी. येत्या गुरुवारी.